तोट्यातल्या कंपनीचं स्थळ

मुंबईच्या एका जमीन कंपनीने आमची रत्नागिरीची कलमांची बाग घेतली आणि मोबदला म्हणून वडिलांना शेअर दिले. पण दरवर्षी सरकारात जाणाऱ्या ताळेबंदात तोटाच दिसे, त्यामुळे नफ्याची वाटणी कधी झालीच नाही. वडील त्या धसक्याने गेले. सभा मुंबईत भरत, म्हणून कंपनीचे डायरेक्टर हरिहरपंत इथल्या कुठल्याच भागधारकाला चेहऱ्याने ओळखत नव्हते.

छत्तीस साली ते मुलासाठी मुली पाहत रत्नागिरीत आले, तेव्हा आईने मला दाखवायचं ठरवलं. ओसरीवर माझे काका-मामा म्हणून आठ-दहा माणसं बसली होती. मुलीकडच्यांत कोण कुणाचा कोण, हे बैठकीत कुणी विचारत नाही.

मी पोहे दिले. आईने माजघराच्या दारातून विचारलं, “कंपनी तोट्यात आहे म्हणतात. अशा घरी मुलगी कशी द्यायची?”

हरिहरपंत मोठ्याने हसले. “अहो बाई, तो तोटा भागधारकांना दाखवायचा! गेल्या साली चाळीस हजार सुटलेत. मुलगी सोन्यात लोळेल तुमची.”





“पोहे सावकाश खा, पंत,” आई म्हणाली. “हे मुलीचे मामा नव्हेत, तुमचे भागधारक आहेत.”