ऑगस्टचे तीन सामने

प्रॅक्टिस संपली आणि मुलं बूट बदलायला पळाली. शाळेच्या हॉलमध्ये उवे एकटाच वाकून चेंडू गोळा करत होता. हृषिकेश आपल्या मुलीची, अवनीची बॅग घेऊन दाराशी उभा होता. उवेने त्याला हात केला.

"जरा थांबतोस? तुला एक दाखवायचंय."

जॅकेटच्या आतल्या खिशातून त्याने घडी घातलेले दोन कागद काढले. हृषिकेशने ते नीट उलगडायच्या आधीच ओळखले. दुसऱ्या पानावर तक्ता होता. तो करायला त्याला नाताळच्या सुट्टीतल्या दोन दुपारी लागल्या होत्या.

"क्लबच्या वेबसाइटवर कुणीतरी लिहिलंय," उवे म्हणाला. "नाव नाही. 'एक सभासद' एवढंच. गुरुवारी कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्षांनी हे वाचून दाखवलं आणि तिथेच ठरलं. मार्चमध्ये अमेरिकेहून नवा पिचर येतोय. नव्या स्पॉन्सरचे सगळे पैसे त्याच्यावर. पहिल्या टीममध्ये आता मी नाही."

उवे अकरा वर्षं या बेसबॉल क्लबचा पिचर म्हणून चेंडू टाकत होता. आठवडाभर तो कार्ल्सरूहेत ट्राम चालवायचा आणि शनिवारी सकाळी या पोरांना फुकट शिकवायचा.

"वाईट वाटलं ऐकून," हृषिकेश म्हणाला. आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं.

"तसं नाही. एक्केचाळीस वर्षांचा झालो मी, कधीतरी होणारच होतं. फक्त हे बघ." उवेने तक्त्यावर बोट ठेवलं. "मला यातलं निम्मं कळत नाही. तू सॉफ्टवेअरवाला, आकड्यांतला माणूस. शिवाय घरच्या मैदानावरचा एकही सामना तू चुकवला नाहीस. हे बरोबर आहे का, एवढंच सांग."

हृषिकेशने वाचायचं नाटक केलं. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत होतं, 'मायेने सामने जिंकता येत नाहीत.' ते वाक्य सुचलं तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला होता. हिवाळ्यात सामने नसतात, चाहत्याने बोलायचं तरी कशावर? कोणी राहावं, कोणी जावं, पैसे कुठे घालावेत. लिहिलेलं कुणी इतकं मनावर घेईल, असं त्याला वाटलं नव्हतं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. वरच्या लीगमध्ये जायचं तर जोरात टाकणारा पिचर हवाच होता. आत्ताही त्याला तसंच वाटत होतं.

"बाबा, कोम्स्ट दू?" अवनी दारातून ओरडली. मग उवेकडे बघून तिने दोन्ही हात हलवले. "च्यूस, उवे!"

"आलोच गं. तू सायकलींची कुलपं काढ तोवर."

ती गेली. उवे वाट बघत होता.

"आकडे बरोबर आहेत," हृषिकेश म्हणाला.

"गेनाऊ, तेच. मलाही वाटलंच." उवेने मान हलवली आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला.

हृषिकेशने कागद सोडले नाहीत.

"पण ऑगस्टचे तीन सामने यात धरायला नको होते," तो म्हणाला. "ते काढले तर तुझा सीझन वाईट नाही. आधीच्या वर्षापेक्षा चांगलाच आहे."

उवेने त्याच्याकडे पाहिलं. ऑगस्टमध्ये एक पिचर सुट्टीवर गेला होता, दुसऱ्याचं बोट मोडलं होतं. आठ दिवसांत तिन्ही सामन्यांत एकट्या उवेनेच चेंडू टाकले होते. तिसऱ्यात त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तरी त्याने शेवटपर्यंत टाकलं. त्या दिवशी टीमची धूळधाण उडाली.

"जाऊ दे," उवे म्हणाला. "लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? तो त्या दिवशी मैदानावर नसेल."

बाहेर अवनीने सायकलची घंटा वाजवली. मग पुन्हा वाजवली.

"होता," हृषिकेश म्हणाला.

उवेने पुढे केलेला हात मागे घेतला.

"तिथेच होता. तुझ्या खांद्यावर धरायला बर्फ त्यानेच आणला होता."

हॉलमधला हीटर तेवढा घरघरत होता. हृषिकेशला खूप बोलायचं होतं. ते सामने धरले नसते तर लेखात दमच राहिला नसता, हे माहीत असूनही आपण ते धरले. पाठवण्याआधी तक्त्यातली ती ओळ एकदा खोडली आणि परत घातली. पण जर्मनमध्ये शब्द जुळेनात, आणि मराठीतही जुळले असते असं त्याला वाटेना.

"माफ कर," एवढंच तो म्हणाला. "मी सोमवारी अध्यक्षांना लिहितो. नावानिशी."

"करार झालाय त्याचा. तिकीटही काढलंय."

उवेने कागद त्याच्या हातून घेतले, होत्या त्याच घडीवर दुमडले आणि खिशात टाकले. खाली वाकून राहिलेले चेंडू तो पिशवीत भरू लागला. हृषिकेशही वाकला. दोघांनी मिळून हॉलचा तो कोपरा रिकामा केला, एकमेकांकडे न बघता.

पिशवीची दोरी आवळून उवे सरळ झाला.

"बारा मार्चला फ्रांकफुर्टला उतरतोय तो," तो म्हणाला. "त्याला आणायला मलाच जायला सांगितलंय, माझी गाडी मोठी आहे म्हणून. मला इंग्रजी धड येत नाही. तू चल."

"येतो," हृषिकेश म्हणाला.

"वाटेत तो विचारेल, याआधी इथे कोण टाकायचं." उवेने पिशवी खांद्याला लावली, आणि मग दुसऱ्या खांद्याला. "ते तू सांग."