भोरड्यांचं झाड

रस्त्याकडेचं अंजिराचं झाड उन्हाळ्यातच मुळासकट काढलं होतं. तरी थंडी पडली तशा गुलाबी भोरड्या दरवर्षीसारख्या थव्यानं आल्या आणि नसलेल्या फांद्यांवर ओळीनं बसल्या.

शिंपीणबाई खिडकीतून बघतच राहिल्या. पक्षी अधांतरी झुलत होते, मजेत चोची मारत होते.

“अहो, बघा तरी!”

“येणारच. झाड गेलं हे त्यांना सांगितलं कुणी?” नवऱ्यानं मशीनवरून मानही वर केली नाही.

शिंपीणबाई पायात चपला सरकवून खाली गेल्या. पूर्वी तिथली खालची फांदी डोक्याला लागायची, म्हणून सगळी गल्ली अजूनही सवयीनं वाकूनच जायची. आज त्या मुद्दाम ताठ मानेनं चालल्या.

कपाळावर काहीतरी खरखरीत आपटलं, आणि वरचे सगळे पक्षी भुर्रकन उडाले.