आठवी निवड

सातवी निवडही झाली, तरी तो गोलकीपर तसाच उरला.

बेबीताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मोबाइलवर त्याच्या नावापुढे शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण दिसत होते. सातही संघांनी त्याला पाहून सोडलं होतं. आता आठवी, शेवटची निवड त्यांची. त्या स्वतःशीच हसल्या.

हॉकीची ही लीग मोबाइलमधली. खेळाडू खोटे, मैदान खोटं, सामनेसुद्धा संगणकच खेळायचा. माणसाच्या हातात एवढंच, की आपला संघ निवडायचा. दर हंगामाला नवे खेळाडू यायचे. जो संघ तळाला, त्याने पहिल्यांदा निवडायचं. जो विजेता, त्याने सगळ्यांत शेवटी. कोणी कायमचं वर बसू नये म्हणून हा नियम. बेबीताई मात्र वर बसल्या त्या खाली आल्याच नाहीत. शेवटी निवडूनही अस्सल खेळाडू त्यांच्याच पदरात पडायचा.

"याले नजर लागते," त्या म्हणायच्या.

नजर त्यांना होतीच. आसेगावच्या शाळेत उभी नोकरी त्यांनी मुलींना हॉकी शिकवण्यात घालवली. निवडायला मात्र कधी मिळालं नाही. पळणाऱ्या मुली कबड्डीला जायच्या, उंच मुली व्हॉलीबॉलला. उरलेल्या बेबीताईंच्या. त्यांना घेऊन त्या अमरावतीला जायच्या आणि हरून यायच्या. परतीच्या एसटीत पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढायच्या, एकेकीच्या ओंजळीत घालायच्या आणि म्हणायच्या, "चांगल्या खेळल्या वं पोरीहो."

रिसोडच्या शाळेचे क्रीडाशिक्षक उकंडराव तेव्हाही त्यांच्यासारखेच हरून यायचे. निवृत्तीनंतर त्यांनीच ही लीग काढली. जुने सोबती जमवले, बेबीताईंच्या काही विद्यार्थिनीही. उकंडरावांचा संघ दर वेळी तळाला. पहिली निवड हातात असून ते नेमका मरतुकडा खेळाडू उचलायचे. बेबीताई त्यांना सोडत नसत. "उकंडराव, मोतीबिंदू काढून घ्या आता," असं त्या लीगच्या चॅटमध्येच, सगळ्यांना दिसेल असं लिहायच्या. सपनाच्या संघाला परवाच त्यांनी विचारलं होतं, "तुह्ये खेळाडू हॉकी स्टिक घेऊन खेळतात का तुराट्या घेऊन?" त्यावर उत्तर आलं, "मॅडम, तुमच्यापुढं आमचं काय चालते?" पूर्वी लोक उलटून बोलायचे, भांडायचे. आताशा सगळे कसे नमून असत. बेबीताईंना ते आवडू लागलं होतं.

तीच सपना आज घरी आली होती. उरलेल्यांतलीच ती एक. आता वाशिमला नर्स. मुलीला नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आली आणि शाळेत असल्यासारखी सरळ स्वयंपाकघरात शिरून चहा टाकू लागली.

"काहून वं सपना," बेबीताईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, "असा गोलकीपर सोडला? आन् घेतलं कोणाले, तं त्या मरतुकड्याले."

सपना दोन्ही हातांत कप घेऊन बाहेर आली. "कोणता गोलकीपर, मॅडम?"

बेबीताईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग दिवाणावर पडलेल्या पर्सकडे. पर्सची चेन लावलेली होती, मोबाइल आतच.

"सातवी निवड तुहीच ना. आत्ताच तं झाली."

"मी कवाचंच सोडलं ते." सपनाने कप खाली ठेवले. "दिवाळीच्या आधीच. आमी सगळ्याइनंच सोडलं. उकंडराव सरांनी पासवर्ड मागून घेतले, म्हणे लीग बंद करून टाकतो."

"सोडलं काहून पण?"

सपना ओढणीला हात पुसत राहिली. बेबीताईंनी पुन्हा विचारलं.

"शाळेत आमी हरून आलो तं तुमी कधी असं बोलल्या नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली. "चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

सपना गेली. पेढ्याचा डबा तसाच उघडा राहिला. बेबीताई मोबाइलवर बोट फिरवत मागे मागे गेल्या, पार दिवाळीच्या पलीकडे. तुराट्या. मोतीबिंदू. एका संघाला गोठ्यात बांधायला सांगितलं होतं. सगळे टोमणे त्यांचे एकटीचे. दिवाळीनंतर खाली सात नावांनी सात उत्तरं, सगळी एकाच नरम आवाजात. सात जणांचा अपमान एक माणूस एकटा गिळत बसला होता. आणि दर हंगामाला उकंडराव सात वेळा चांगला खेळाडू पाहायचे, सात वेळा सोडायचे, म्हणजे तो बेबीताईंपर्यंत पोचावा. ती त्यांची नजर नव्हतीच.

त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. घरात कोणी नव्हतं, तरी त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"उकंडराव, माफ" एवढं त्यांनी लिहिलं आणि पुसलं. आपल्याला कळलंय हे उकंडरावांना कळलं, तर मान खाली घालायची पाळी त्यांच्यावर यायची. मग उद्या ही लीगही राहायची नाही.

बेबीताई यादीच्या तळाशी गेल्या. तिथे एक खेळाडू होता, गुण एकतीस. कोणीच न घेतलेला, कोणी घेणारही नाही असा. गोलकीपरला तसाच सोडून त्यांनी या खेळाडूच्या नावावर बोट दाबलं.

मग उकंडरावांचा निरोप आला.

"ताई, चुकून बोट लागलं वाटते. गोलकीपर तसाच राह्यला. परत निवडा. आमची सगळ्याइची काही हरकत नाही."