हापशाची पाळी

"पुन्हा तेच," वेझी म्हणाली. "हे फंक्शनच नाही, म्हणतंय."

तदालाने स्क्रीनकडे असं पाहिलं, की स्क्रीननेच माफी मागावी. कोणत्या दिवशी हापशावर पहिली पाळी कुणाची, हे सांगणारं फंक्शन तिने स्वतः जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं. तिच्या फाइलीत ते झकास चालायचं. वेझीच्या फाइलीतून बोलावलं की मात्र अडून बसायचं.

मागच्या बाकावर तदालाची आजी बसली होती. वीस वर्षं सगळ्या पाळ्या तिच्याच डोक्यात होत्या, आणि सोमवारी ती कायमची लिलाँग्वेला लेकाकडे चालली होती. आपल्यामागे बायका भांडणार नाहीत ना, एवढंच बघायला ती झोंबा शहरातल्या या शाळेत आली होती.

"तू वेझीकडे नेमकं काय पाठवलंस गं?" तिने विचारलं.

तदालाने शेवटची ओळ वाचून दाखवली: एक्स्पोर्ट, पुढे फंक्शनचं नाव, पुढे कंस सुरू, कंस पूर्ण. कंस लावले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं, हेही ऐटीत सांगितलं. मग आज चालून त्यातून काय निघालं, असं आजीने विचारलं.

नसिबेको निघालं होतं. नुसतं एक नाव.

आजी खुदकन हसली. एकदा ताप आला म्हणून तिने बहिणीजवळ निरोप धाडला होता, आज नसिबेकोची पाळी. ती बया आठवडाभर रोज हापशावर जाऊन तेच सांगत राहिली. नसिबेको खूश, आणि बाकीच्या बादल्या घेऊन आजीच्या दारात.

"उत्तर एका दिवसापुरतं असतं, बाई," आजी म्हणाली. "तेव्हा मी स्वतःच जायला हवं होतं."

तदालाचं बोट हवेतच थांबलं. मग तिने हळूच दोन्ही कंस पुसले; आता वेझीकडे उत्तर नाही, फंक्शनच जाणार होतं.

वेझीने मंगळवार विचारला. अलेफा. बुधवार विचारला. एनिफा. दोघी पोरी किंचाळतच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आजीने मान डोलावली, पण उठली नाही.

"एनिफाच्या बादलीला भोक आहे. तिला जरा जास्त वेळ द्यावा लागतो. हे याला ठाऊक आहे का?"

"नाही, आगोगो," तदाला आजीला म्हणाली.

आजीने चपला काढल्या आणि बाक पुढे ओढला.