मरळीची काठी

लटारूनं वळचणीतल्या तिन्ही काठ्या काढून अंगणात मांडल्या आणि त्यांच्यापुढं उकिडवा बसला. कोणती उचलावी ते काही त्याला उमजेना. काय म्हणावं याला! वैनगंगेच्या काठी कुणालाही विचारा, मासे धरायच्या गरीच्या, म्हणजे गळाच्या, काठीची पारख करावी तर लटारू ढिवरानं. नुसता पाण्याकडं बघून सांगायचा, आज कोणती काठी चालेल आणि कोणती घरीच राहू द्यावी. आज तोच लटारू काठ्यांकडं नुसता बघत बसला होता.

कुडाच्या फाटकाशी शेजारचा देवाजी केव्हाचा उभा होता. शेवटी तो खाकरला.

"लटारूभाऊ, सारे डोहावर येऊन बसले. जमादारबी आला. तिसरा दिवस आहे."

परवा सकाळी चैतू डोंगा घेऊन गेला होता. लटारूचा बाविशीचा पोरगा, एकुलता एक. दुपारी डोहात डोंगा तेवढा सापडला, तोही पालथा. दिवस थंडीचे, आणि गार पाण्यात बुडालेला माणूस लवकर वर येत नाही. वर आला नाही की लटारूला बोलवायचं, ही आजवरची रीत. जाड काठी, अंबाडीची दोरी, पाठीला पाठ लावून बांधलेल्या तीन गऱ्या. त्या तळाशी हळूहळू ओढत न्यायच्या. अशी अकरा माणसं त्यानं काढली होती, मालगुजाराच्या सुनेसकट. कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. नेम एकच होता. ज्या काठीनं माणूस काढला ती घरी आणायची नाही, तिथंच नदीत सोडायची.

"कोनाले शोधाले चालले सारे?" लटारूची बायको रंभा चुलीपुढूनच म्हणाली. "मामाकडं गेला असन तो, चामोर्शीले. डोंगा पलटला तं पल्याडच्या काठाले लागला असन. ढिवराचा पोट्टा पान्यात बुडते का कधी?"

मामाकडं माणूस धाडला होता. तो कालच हात हलवत परत आला होता, आणि त्याला पाणी रंभेनंच दिलं होतं.

लटारूनं पहिली काठी हातात घेतली. ही डाडकाची. डाडक म्हणजे बोटभर मासोळी, काठीही तशीच बारीक, शेंड्याला लवलवती. पिठाची गोळी लावायची. मासोळीनं नुसते ओठ लावले तरी हाताला कळतं. दुसरी शिंगाड्याची, चिखलात राहणाऱ्या मिशाळ माशाची. तिला गांडूळ लावायचा, गरी तळाला सोडायची आणि चिलीम ओढत बसायचं. तिसरी मरळीची. मरळ मोठी हट्टी, गवतात दडून राहते. तिच्यापुढं जिवंत बेडकी पाण्यावर नाचवावी लागते, आणि तिनं धरली रे धरली की एका हिसक्यात बाहेर. तिथं लवलवती काठी काय कामाची? ताठच पाहिजे.

ही काठी चैतूनं केलेली. बांबू जंगलातून निवडून आणला, वर्षभर चुलीवर धुरात टांगला, तेल लावून, शेकून सरळ केला. बापाच्या हातात देताना म्हणाला होता, "बा, हिच्यानं सुसर ओढशीन तरी मोडनार नाई."

लटारूनं ती खाली ठेवली. डाडकाची काठी खांद्यावर टाकली आणि उठला.

देवाजी चाचरला. "भाऊ, त्या काठीनं मानूस नाई येत."

"मालूम आहे मले," लटारू म्हणाला. "मनून तं घेतली."

रंभा चुलीपुढून उठली. ती अंगणात आली, नवऱ्याच्या खांद्यावरची काठी काढून घेतली आणि पुन्हा वळचणीत खोवली. मग वाकून तिनं मरळीची काठी उचलली.

लटारूनं काठीचं दुसरं टोक धरलं. "ते नाई, रंभे. ते नदीत सोडा लागन. मी दुसरा बांबू तोडतो."

"ओला बांबू वजनानं वाकते. तुमीच मनता." तिनं काठी सोडली नाही. "आपला चैतू का हलका आहे? त्याची काठी आहे, त्याच्यासंगं जाऊ द्या."

तेव्हा लटारूला रडू फुटलं. तीन दिवस धरून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. अंगणात, देवाजीसमोर, तो लहान लेकरासारखा हमसून हमसून रडला. रंभा रडली नाही. तिनं त्याच्या कमरेची पिशवी सोडली, तीन गऱ्या निवडून काढल्या आणि पाट्यापाशी जाऊन बसली. पाट्यावर तिनं पाण्याचा हबका मारला आणि एकेक गरी घासायला लागली.

"काय करून राह्यली तू?"

ती घासतच राहिली. आधी गरीचा उलटा काटा गेला, मग टोक.

"बोथट गरी धरत नाई, रंभे."

"त्याच्या आंगातल्या बंडीत अडकवा. जाड आहे बंडी, मीच शिवली." तिनं मान वर केली नाही. "तुमचा हात हळू आहे. अकरा झनाईले हळू काढलं ना तुमी?"

डोहाकडून कुणीतरी हाक मारली. देवाजीनं हातानंच थांबा म्हणून खुणावलं.

तिसरी गरी झाली. रंभेनं तिन्ही गऱ्या पदरानं पुसल्या, एकेक आपल्या गालाला लावली, दाबून पाहिली आणि मग नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या.

"घ्या," ती म्हणाली. "आता नाई टोचत त्याले."