वरचे चार

"तुमच्या बहिणीने परवा येऊन नीट केलं की ते," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आधी सिनेमातलं हेलिकॉप्टर आमच्या फ्रिजवरून जायचं. आता डोक्यावरून जातं."

कानसेन हसला. मग त्याचं हसू तोंडातच राहिलं. तो डॉक्टरांच्या घरी विसरलेली मोजपट्टी न्यायला आला होता. परवा बहीण इकडे आल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने स्टूल ओढलं आणि वर चढला. छताजवळचे दोन स्पीकर वीतभर पुढे आले होते. जुनी भोकं लांबी भरून, रंग लावून बुजवलेली. हात तिचाच. इतक्या सफाईने भोक बुजवायला त्यानेच तिला शिकवलं होतं.

"तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "बोलून बसलो मी."

कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. लोकांच्या घरी सिनेमाची खोली बसवून द्यायची, पाच स्पीकर कानाच्या उंचीला आणि चार वर छताजवळ, म्हणजे पडद्यावरचा पाऊस खरोखर वरून पडल्यासारखा वाटतो, हा त्याचा नि धाकट्या बहिणीचा धंदा. ती शिडीवर सरसर चढते म्हणून खारूताई. मोजायची यंत्रं काय, सगळ्यांकडेच असतात. यांच्याकडे शेवटचा शब्द त्याच्या कानाचा. तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा. ती टॅबवरून एकेका स्पीकरमधून खरखर सोडायची. आवाज कुठून येतो ते तो बोटाने दाखवायचा, हा पुढे घे, तो मागे घे म्हणायचा, आणि ती शिडी सरकवायची. शेवटच्या फेरीत नऊच्या नऊ ओळखले की ती म्हणायची, "बरोबर." मगच हत्यारं पेटीत जायची.

जिन्यातच उभं राहून त्याने आणखी तीन घरी फोन लावले. दोघांनी आढेवेढे घेत कबूल केलं. तिसऱ्या वकीलबाई सरळच बोलल्या. "हो, आल्या होत्या. काही लागलं तर मलाच फोन करा, दादाला त्रास नको, असं सांगून स्वतःचा नंबर देऊन गेल्यात."

सगळं लख्ख दिसलं. मागून जायचं, त्याच्या कामात खोड काढायची, आपला नंबर ठेवून यायचा. वर्षभरात गिऱ्हाइकं तिची. तिला पहिला स्क्रू त्याने धरायला शिकवला होता.

नव्या कामावर तो पोचला तेव्हा घरमालक ऑफिसला गेले होते आणि ती शिडीवर होती.

"आणखी किती घरं?" त्याने दारातूनच विचारलं.

"कसली घरं?"

"मी गेल्यावर तू चोरपावलांनी शिरतेस ती."

ती दोन पायऱ्या खाली आली. "सतरा."

त्याने चारच धरली होती.

"वेगळं व्हायचं तर तोंडावर सांगायचंस. मीच हाताने तुझी पाटी लावली असती. पाठीत सुरा कशाला?"

"खुर्चीत बस, दादा."

"मी काय विचारतोय?"

"डोळे मीट. मग हव्या तेवढ्या शिव्या दे."

तो बसला. सवयीनेच डोळे मिटले. खरखर आली. त्याने बोट दाखवलं. "समोरचा डावा, खालचा." दुसरी आली, तिसरी आली. पाच झाले. मग वरचे चार. रागात असूनही त्याचं बोट कुठे अडखळलं नाही.

"झाले नऊ. बरोबर?"

त्याने डोळे उघडले. ती ॲम्प्लिफायरच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. तिच्या हातात चार वायरींची टोकं होती, चारही मोकळी.

"वरचे अजून जोडलेच नाहीत," ती म्हणाली. "मी खालचेच पुन्हा वाजवले."

त्याने छताकडे पाहिलं. मग वायरींकडे.

"डावं-उजवं तुला कळतं. वर-खाली कळत नाही. बारीक आवाज गेलेत तुझ्या कानातून. वयाने जातात."

"मग आजवर मी नऊच्या नऊ कसे सांगितले?"

"क्रम पाठ आहे तुला. आधी खालचे पाच, मग वरचे चार. आपण तो कधी बदललाच नाही."

"आणि तू बरोबर म्हणत होतीस."

"हो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं." तिने नाक ओढलं. "तू म्हणशील तिथे लावायचे, आणि तू नसताना पुन्हा जायचं. लोक तुझ्या कानासाठी बोलावतात, दादा. मी काय सांगणार होते त्यांना?"

"त्यांचं सोड. मला काय सांगणार होतीस?"

त्याला वाटलं, हिने गिऱ्हाइकं पळवली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

त्याने तिच्या हातातून वायरी घेतल्या. चारही आपापल्या जागी जोडल्या, स्क्रू आवळले. त्यात त्याचा हात चुकला नाही. मग टॅब उचलला.

"बस खुर्चीत. डोळे मीट."

"दादा..."

"मीट म्हटलं ना."

ती बसली. त्याने क्रम सोडून थेट मागचा उजवा, वरचा, दाबला. तिचं बोट जराही न थांबता खांद्यावरून मागे गेलं, वर वळलं, आणि नेमकं त्याच स्पीकरवर स्थिरावलं.

"चूक," ती दोन वर्षं 'बरोबर' म्हणत आली होती त्याच सुरात तो म्हणाला.