प्रश्नांची रांग

"तिथे एकही थडगं नाही," व्याख्याते प्रुइट तिसऱ्यांदा म्हणाले. आमच्या वाचनालयातलं ते मोफत व्याख्यान होतं, गावाच्या जुन्या जमिनींवरचं. ज्या जमिनीबद्दल ते बोलत होते, तिच्यावर सोमवारी डांबर घालणार होते, गाड्या लावायला.

त्याच जमिनीत माझी आजी आहे. आमच्या लोकांच्या थडग्यांवर दगड नसायचा. शंख ठेवायचे, आणि गेलेल्या माणसाची बशी फोडून.

"दगड नाही म्हणून माणूस नाही होय!" शेजारी बसलेली आमच्या चर्चमधली लुडी फणकारली. "सिस्टर व्हर्लीन, ऊठ, विचार त्याला. तुझा तो गोड आवाज आज घरी ठेव."

सकाळच्या प्रार्थनेत मी देवाला म्हटलं होतं, माझा राग आवर. त्याने आवरला नव्हता. प्रश्नांची वेळ होताच मी मधल्या वाटेतल्या माइकपाशी जाऊन उभी राहिले. माझ्या पुढे कुणी नव्हतं, मागेही नाही.

मी तोंड उघडलं तसा प्रुइटांनी हात वर केला. "थांबा बाई. आधी त्यांना बोलू द्या."

"कुणाला?"

"तुमच्या पुढे उभ्या आहेत त्यांना." त्यांनी चष्मा सारखा करून दाराकडे पाहिलं. "आणि बाकीचे, एकेक जण या. ढकलू नका."

लुडी हसली, आणि हसता हसता थांबली. माइकची दांडी आपोआप करकरत माझ्या छातीइतकी खाली आली; माझी आजी तेवढीच उंच होती.

प्रुइट मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिले. आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"हो बाई," शेवटी ते म्हणाले. "सोमवारचं डांबर तुमच्यावरच."